आज मासळी नाय

माझ्या आईने गिऱ्हाइकाला तोंडावर 'नाय' म्हणायचा हक्क कमावला होता, आणि तो माझ्या सख्ख्या भावाने विकला. सरळच लिहिते. मोर्चांची पत्रकं लिहून लिहून हाताला तशीच सवय लागलीय.

पळस्प्याला गोव्याचा रस्ता वेगळा होतो, तिथे आमची खानावळ होती. आमचं मिठागर प्रकल्पात गेलं, मागोमाग बाबा गेले, आणि आईने फाट्यावर पत्र्याची शेड घालून चूल मांडली. तांदळाची भाकरी, माशाचं कालवण, तळलेली तुकडी. ट्रकवाले थांबायचे, मग कंपन्यांतले कामगार, मग कोकणात निघालेल्या गाड्या. मासळी उरणच्या मोरा बंदरावरून यायची. तिथली एक कोळीण, जिला आम्ही मावशीच म्हणायचो, सकाळच्या टेम्पोतून टोपली घेऊन उतरायची आणि आई कमरेला पदर खोचून तिच्यासमोर बसायची.

"हा कवाचा गो?" आई माशाचा कल्ला उचलून विचारायची.

"सकालचा."

"कंची सकाल? कालची का परवाची?"

"तुझ्या नाकाला काय झालंय गो बाय?"

"माझ्या नाकाला काय नाय झालं. तुझ्या मासलीला झालंय."

दोघी हसायच्या, शिव्या द्यायच्या, चहा प्यायच्या. पण कल्ला लाल नसेल तर मासा टोपलीत परत जायचा. मावशी रागवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची.

अष्टमीच्या आगेमागे समुद्राला भांग असतो. पाण्याला ओढ नसते, जाळ्यात फारसं काही येत नाही. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत, त्यात विशेष काही नाही. विशेष एवढंच, की त्या दिवसांत आई शेडच्या खांबावर एक पाटी अडकवायची: 'आज मासळी नाय'. शब्द आईचे, त्यातला ळ पेंटरचा. त्या दिवशी वांग्यात सुका जवळा, भाकरी आणि कांदा. भांग सरला, मासळी आली, की पाटी उतरायची.

एकदा मुंबईहून आलेला एक गाडीवाला पाटी वाचून हटूनच बसला. "मावशी, एवढ्या लांबून आलोय. फ्रीजमध्ये एखादी तुकडी असेलच की."

"फ्रीजमंदी पानी हाय. गार हाय. देऊ?"

तो फणफणत जवळा जेवला आणि पुढच्या रविवारी घरच्यांना घेऊन आला. जी बाई मासळी नसताना नाही म्हणते, तिचं 'हाय' खरं असतं, हे लोकांना जाहिरात न करता कळतं. आमची खानावळ मसाल्यावर चालत होती असं आज सगळे सांगतात. खोटं आहे. ती त्या पाटीवर चालत होती.

मग दादाला फ्रँचायझीचं वारं लागलं. जमिनीचा मोबदला आल्यावर आमच्या पोरांच्या अंगावर पांढरे कपडे आणि दारात पांढऱ्या गाड्या आल्या, तशा त्याच्याही आल्या. वाशीच्या एका हॉटेलात 'उद्योजक व्हा' असं शिबिर करून आला आणि येताना एक सल्लागार घेऊन आला. सल्लागार पोटभर जेवला, बोटं चाटली, आणि म्हणाला, "मॅडम, चव एक नंबर. प्रॉब्लेम फक्त एकच आहे. सगळं तुमच्यावर अवलंबून आहे. मालक जागेवर नसला तरी धंदा चालला पाहिजे. तरच शाखा देता येतात."

"मी कुटं चाललेय?" आई म्हणाली.

तो मोठ्याने हसला. मी नाही हसले.

मी दादाशी भांडले. मागच्या मोरीजवळ, भांड्यांच्या आवाजात. म्हटलं, हे विकू नकोस, शेड एकच राहू दे, पण आपली राहू दे.

"तू जमीन वाचवायला निघालेलीस ना?" दादा म्हणाला. "वाचली? पत्रकं वाटून कोणाचं पोट भरलं सांग. बाहेरचे येऊन मॉल बांधतात आणि आपली पोरं त्यांच्या गेटवर शिट्टी घेऊन उभी. आपल्यातल्या एकाने कधी मालक व्हायचंच नाही का?"

त्याचा प्रश्न खोटा नव्हता. त्यामुळे माझा राग कमी होत नाही, वाढतो.

आईला दादाच्या तोंडावरचा आनंद दिसत होता. तिने एकच अट घातली. "पाटी ऱ्हायली पायजे."

सल्लागाराने छातीवर हात ठेवला. "मॅडम, पाटी तर आपली ओळख आहे. प्रत्येक शाखेत राहील."

आमच्या गावात बोलणं पक्कं करायची एक रीत आहे. गावदेवीसमोर नारळ ठेवायचा, दोघांनी त्यावर हात ठेवून काय ठरलं ते म्हणायचं आणि नारळ फोडायचा. भावकीचे वाद, बैलांचे सौदे, लग्नं, सगळं असं ठरलेलं. कागद नंतर होतो, झाला तर. आईने सल्लागाराला देवळात नेलं. त्याने बूट काढले, कपाळाला शेंदूर लावून घेतला, नारळावर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, पाटी राहील.

मी बाहेर येताच आईला म्हटलं, "हे करारात लिहून घे."

"देवीच्या म्होरं बोललाय तो."

"तरी लिहून घे."

"देवीपेक्सा तुझा कागूद मोटा झाला?"

गावोगाव सभांत मी बोंबलून सांगत होते, वाचल्याशिवाय सही करू नका. घरात माझ्याच आईने नारळाच्या भरवशावर सही केली. आमची माणसं अशीच फसतात. समोरचा देवीला आपल्याइतकाच घाबरत असेल, असं धरून चालतात.

आणि सल्लागाराने शब्द मोडला नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते. खारघरच्या शाखेच्या उद्घाटनाला आम्ही गेलो, तेव्हा समोरच्या भिंतीवर पाटी होती. दारापेक्षा मोठी. कोरीव अक्षरं, मागून पिवळे दिवे, स्क्रूने भिंतीत पक्की केलेली. 'आज मासळी नाय'. तिच्याखाली टेबलं लावलेली, टेबलांवर सुरमई, पापलेट, कोळंबी. लोक पाटीसमोर उभं राहून फोटो काढत होते. त्या दिवशी अष्टमी होती.

आईच्या खांद्यावर सत्काराची शाल होती. तिने पाटीला हात लावून पाहिला, कड चाचपली आणि जवळच्या वेटरला विचारलं, "ही काडायची कशी?"

"काढायची नाही मॅडम. डेकोरेशन आहे."

"मंग मासली असंल त्या दिवशी?"

"मासळी रोजच असते."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला तोंड उघडलं, तर तिने माझा दंड दाबला. दादा समोरून येत होता, हातात पेढे.

नंतर पळस्प्याची शेडही पाडली. काच लागली, एसी लागला, भिंतीवर तशीच दिव्यांची पाटी लागली. मासळी थर्मोकोलच्या खोक्यांतून यायला लागली, कुठल्या बंदराची ते खोक्यालाच माहीत. मोऱ्याची मावशी एकदा टोपली घेऊन आली, तर दादाने तिला मागच्या दाराशीच सांगितलं, आता खरेदी एकाच ठिकाणाहून होते. ती आईला न भेटताच गेली. आईला हे संध्याकाळी कळलं. तिने चार शब्द उच्चारले. ते मी पत्रकातही छापले नसते.

आई तरीही रोज पदर खोचून पळस्प्याला जायची. भांगाच्या दिवशी जुनी पाटी पिशवीतून काढून काचेच्या दाराच्या मुठीला अडकवायची. मॅनेजर गोड बोलून काढायचा. "आजी, कस्टमर कन्फ्यूज होतात." ती पुन्हा अडकवायची.

शेवटी एका दुपारी शेडच्या काळातला एक ट्रकवाला आला. काचेचं दार बघून आधी बिचकला, मग गल्ल्याजवळ बसलेली आई दिसली. भिंतीवरच्या दिव्यांच्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, "मावशी, ही पाटी खरी का खोटी? आज मासळी हाय का नाय?"

मी तिथेच होते. मॅनेजर पुढे झाला, "आहे ना सर, सगळं आहे, बसा."

"नाय," आई म्हणाली.

"आजी..."

"नाय म्हंजे नाय. भांग हाय. आत खोकी हायत, ती कवाची हायत मना म्हाईत नाय. ज्याला खायची त्यानं इचारून खा."

भरलेली खोली होती. कोणी हसलं, कोणी ताट पुढे सरकवलं, एका टेबलावरचं कुटुंब उठलं. ट्रकवाल्याने आईला नमस्कार केला आणि निघून गेला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. त्या क्षणी ती खानावळ तेवढ्यापुरती पुन्हा तिची झाली होती.

दुसऱ्या दिवशी दादा घरी आला. आवाज चढवला नाही. "आई, तू आता आराम कर," म्हणाला. शाखा घेणाऱ्यांचे फोन आले होते, सल्लागाराचाही आला होता. आईने विचारलं नाही, किती दिवस. तेव्हापासून ती गेलेली नाही. सगळ्या शाखांत तिचा फोटो आहे, नऊवारीत, हसताना. मालक जागेवर नसला तरी धंदा चालला पाहिजे. चालतोय.

मला लिहायचं होतं. पत्रकच काढणार होते, नावानिशी. पत्रकात मी असल्या माणसांना लुटारू म्हणते, पण इथला लुटारू दुपारी आमच्याच घरी जेवायला येतो. आठवड्यातून दोनदा-तीनदा येतो. स्वतःच्या हॉटेलात जेवत नाही. का जेवत नाही, हे मी त्याला विचारलं होतं. "तिथे काम असतं," म्हणाला.

परवा आला, तर हातात शाखेतला डबा होता. आईसाठी पापलेट, मसाला लावलेलं, नुसतं तळायचं. आईने डबा उघडला नाही. ओट्याच्या कडेला सरकवला आणि त्याच्यापुढे ताट ठेवलं. वांगं-जवळा, भाकरी, कांदा.

"अगं, पापलेट आणलंय ना मी," दादा म्हणाला.

"आज मासली नाय."

त्याने डब्याकडे पाहिलं. मग खाली बघून जेवायला लागला. आईने दुसरी भाकरी वाढली, त्याने हात आडवा केला नाही. डबा जाताना बरोबर घेऊन गेला.