संगणक कशात गुंतला होता

ती केस अजून मनातून जात नाही. निवृत्त झाल्यावर पोलिसाने विसरायला शिकावं म्हणतात. मला ते जमलं नाही.

मे महिन्यातलं यवतमाळचं ऊन. लोहाऱ्याकडच्या एका केंद्रावर सरकारी भरतीची ऑनलाइन परीक्षा चालू होती. खबऱ्याचा फोन आला, "सायेब, केंद्रामागच्या खोलीत दोन पोट्टे लॅपटॉप घेऊन बसले. आतला पेपर भायेरून सोडवून राह्यले."

पंचांना घेऊन छापा घातला. लॅपटॉपवर केंद्रातल्या एका संगणकाचा पडदा जसाच्या तसा दिसत होता आणि त्या संगणकासमोर मुकुटबनची एक मुलगी बसलेली. त्या दोन पोरांना संगणकाचा क्रमांक तेवढा माहीत होता, उमेदवार कोण ते नाही.

मुलीचा जबाब महिला अंमलदारासमोर घेतला. ती रडली नाही, चिडली. "मले काहून धरता? कॉम्प्युटर हँग होऊन राह्यला म्हणून कितीदा हात वर केला मी! उत्तर दाबलं तं हालेच ना, वरून आपोआप दुसरंच लागे. माह्यं वय सरून राह्यलं सायेब, हा शेवटचा पेपर होता."

वरिष्ठ म्हणाले, दोषारोपपत्रात नाव घाला आणि मोकळे व्हा. नाव गेलं असतं तर तिची सरकारी नोकरी कायमची संपली असती. मला एकच खटकत होतं. चोर कधी चौकीदाराला हाक मारत नाही.

सायबर शाखेतल्या हवालदार बाईंनी मूळ डिस्क सील केली, तिची प्रत तशाच दुसऱ्या संगणकावर चालवली, सराव पेपर लावला आणि संगणकाचा वेळ कशात जातो ते मोजलं. "सर, पेपरकडे बघायला ह्याला फुरसतच नाही. बहुतेक वेळ एक लपवलेला प्रोग्राम खातोय. पडद्याची चित्रं काढायची आणि बाहेर पाठवायची."

मला लगेच समजलं. बंदोबस्ताच्या दिवशी आमच्या ठाण्याचं तेच होतं. माणसं सगळी कामात आणि तक्रारदार बाकावर ताटकळत. हा प्रोग्राम परीक्षेच्या आदल्या दिवशीच टाकलेला होता, आणि तोही त्या एकाच संगणकावर.

मग केंद्रचालकाला समोर बसवलं. "तिनंच काही टाकलं असन," तो म्हणाला.

"आदल्या दिवशी हॉलची चावी तुमच्याकडे होती. मशीन कोणासाठी ठेवलं होतं?"

त्याने चहाचा कप बाजूला सारला. "ज्याच्यासाठी ठेवलं होतं तो घाबरला सायेब, आलाच नाही. त्या पोरीच्या टेबलावर कूलरचं पानी उडे, म्हणून सुपरवायझर बाईनं तिले तिकडं बसवलं. बाईले काय माहीत! भायेरच्यांनी पेपर दिसला तसा सोडवणं सुरू केलं."

मुलगी आरोपी नव्हे, साक्षीदार झाली. पण त्या केंद्रावरची परीक्षा रद्द झाली, आणि फेरपरीक्षा लागली तेव्हा तिचं वय उलटून गेलं होतं. सवलत मिळावी म्हणून मी वर पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही.

साक्षीच्या दिवशी ती कोर्टाच्या व्हरांड्यात भेटली. "नाव साफ केलं तुमी, उपकार झाले. पन सायेब, ह्या साफ नावाचं आता मी करू काय?"

खरं शोधून काढलं की न्याय झाला, असं मी नोकरीभर मानत आलो होतो. थकलो तो तिथे. केंद्रचालक जामिनावर सुटून तिथेच फोनवर हसत बोलत होता. खटला अजून चालूच होता, आणि त्या पोरीची शिक्षा भोगून झाली होती.