तारप्याला पाठ

"तू जरा बाजूला बस ना. आवाज तुझाच राहील, चेहरा हिचा घेऊ."

केळव्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली मी हे ऐकलं. बोलणारे सर मुंबईचे. नव्या कलाकारांची गाणी लोकांपर्यंत पोचवणारं मोठं पेज चालवतात. मी त्यांच्यासमोर नवं लुगडं नेसून, केसांत फूल माळून उभी. आणि ही म्हणजे त्यांनी गाडीतून आणलेली गोरी मुलगी. तिला माझ्यासारखंच गुडघ्यापर्यंत लुगडं नेसवलेलं, हातावर पेनाने गोंदण काढलेलं. मी बाजूला बसले. मला माझ्याच तोंडाची लाज वाटली. राग यायला वेळ लागला.

गाणं माझं. शब्द माझे, चाल माझी. मी बोईसरच्या एका कंपनीत कंत्राटावर पॅकिंगला आहे. पहाटे पाड्यावरून निघताना मनात येईल ते गुणगुणते, त्यातूनच ते झालं. 'भोंगा वाजं कंपनीचा, भात ऱ्हायला चुलीवर.' मनोरच्या एका डीजेवाल्याच्या खोलीत, खिडकीला गोधडी टांगून आम्ही ते रेकॉर्ड केलं. तारपा, आमचं भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य, माझ्या बाबाने वाजवला. इन्स्टावर मी स्वतः टाकलं. पाड्यावरच्यांनी बघितलं, मावशीच्या पोरींनी बदाम पाठवले, आणि गाणं तिथंच बसलं. सगळे म्हणाले, मोठ्या पेजने उचललं तरच चालतं. मी किती पेजना मेसेज केले असतील. उत्तर फक्त या सरांचं आलं. रविवारी या, वडिलांना आणा, नवा व्हिडिओ करू. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

बाबाने त्या दिवसासाठी पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला होता. सर त्याला म्हणाले, "मामा, शर्ट काढ. ओरिजिनल वाटलं पाहिजे." बाबा त्यांच्यापेक्षा वयाने मोठा. त्याने शर्ट काढला, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिला. माझ्याकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही.

ती मुलगी वाईट नव्हती. माझ्याकडून एकेक शब्द शिकत होती, ओठ कसे हलवायचे विचारत होती. मी शिकवत होते. माझं गाणं दुसरीच्या तोंडात बसवायचं काम मी स्वतः करत होते, आणि तेही मन लावून.

थोडं शूटिंग झालं. मग सरांनी तिला पुढे नाचायला लावलं, समुद्राकडे तोंड करून. बाबा तिच्या मागे. तारपा वाजू लागला आणि मध्येच थांबला.

आमच्यात तारपा वाजवणारा मधे असतो आणि नाचणारे त्याच्याभोवती फिरतात. फेर कितीही फिरो, वळो, तारप्याला पाठ कोणी दाखवत नाही. दारू प्यायलेला माणूससुद्धा नाही.

"काय झालं मामा? दम लागला?"

"तिची पाठ हाय तारप्याला. मी नाय वाजवणार."

"अरे, एवढं कोण बघतंय?"

"मी बघतो ना."

सर माझ्याकडे वळले. "तू समजाव त्याला. तुझ्याच करिअरचा प्रश्न आहे."

ते खोटं बोलत नव्हते. इथून उठले तर दुसरं पेज मला विचारणार नव्हतं, हे मलाही कळत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. बाबा उघड्या अंगाने वाळूत उभा होता आणि त्याचा शर्ट माझ्या हातात होता. त्याने शर्ट काढला तेव्हा मी काही बोलले नव्हते. आता सर मलाच बाबाला समजावायला सांगत होते.

मी उठले. "बाबा, शर्ट घाल."

सरांना म्हटलं, "गाणं माझं हाय. माझ्या तोंडाशिवाय नाय लावायचं." दिवसभर मी त्यांच्याशी शाळेतलं मराठी बोलत होते. ते तिथे संपलं.

सर हसले. "बघा, आत्ताच एवढा अ‍ॅटिट्यूड."

आम्ही निघालो. रिक्षात बाबा एवढंच म्हणाला, "भूक लागली."

पुढे एकदा जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या मशीनवरच्या बाईने मोबाईल माझ्यापुढे धरला. "दीदी, ये सुन, मस्त है." माझा आवाज. त्या मुलीचे ओठ. मागे बाबा, उघडा, धूसर. खाली लिहिलेलं: पारंपरिक आदिवासी लोकगीत. मी म्हटलं, "ये मैं हूँ." ती हसली. तिला चेष्टा वाटली. मी डबा बंद केला.

बोईसरच्या कंपनीचा भोंगा कधीपासून पारंपरिक झाला? हेच मी त्या रीलखाली लिहिलं. त्यांनी ते काढलं आणि मला ब्लॉक केलं. तो व्हिडिओ अजून फिरतोय. लग्नाच्या हळदीतही वाजतो म्हणे. मला त्याचा आनंद होत नाही.

आता नवं गाणं केलंय. त्याच्या ध्रुपदात माझं नाव आहे, बाबाचं आहे, पाड्याचंही आहे. शेवटी जोडलेलं नाही, ओळीच्या मधोमध घातलंय. कापलं तर चाल मोडते. हे मी स्वतःच टाकणार, माझ्या तोंडाने. कोणी बघो न बघो. आणि कोणी उचललंच, दुसरी गोरी मुलगी उभी केलीच, तर ओठ हलवताना तिला दर वेळी माझं नाव घ्यावं लागेल.