घटापाशी थांबलेला माणूस

पोलीस खात्यातली उभी हयात चोऱ्यामाऱ्या आणि जमिनीच्या भांडणांत गेली. बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं, आणि गंमत म्हणजे त्यात गुन्हा असा नव्हताच.

मी तेव्हा मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, मनावर नावाच्या गावाकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आश्विन लागला होता. अरबी समुद्रात उठलेलं चक्रीवादळ गुजरातच्या किनाऱ्यावर आदळलं आणि उरलासुरला जोर आमच्याकडे पाऊस होऊन आला. माळव्यातल्या माणसाला समुद्राचं वादळ म्हणजे टीव्हीवरची बातमी. त्यामुळे नदीकाठची खालची वस्ती रिकामी करा असा जिल्ह्यातून हुकूम आला, तेव्हा लोक हसले. ‘साब, समंदर यहाँ कां से आयेगा?’ असं एकानं मला तोंडावर विचारलं.

समुद्र येणार नव्हता, नदी येणार होती. वरच्या धरणाचे दरवाजे उघडायचे होते. जीपवर भोंगा लावून मुनादी केली, पटवारी आणि शिपाई घरोघर पाठवले, ट्रॉल्या लावल्या. सरकारचं काम लोकांना वाटतं तितकं गबाळं नसतं. शाळेत जेवण, पिण्याचं पाणी, डॉक्टर, बायकांसाठी वेगळी खोली, सगळी व्यवस्था होती. गुरं वरच्या मंडीत बांधली, कारण गाय मागे राहिली की मालक जागचा हलत नाही हे तोवर आम्ही शिकलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी वस्तीच्या गल्लीत पाणी शिरलं, तेव्हा पटवाऱ्यानं सांगितलं की खाली कोणी नाही. मीही तसंच वर कळवून टाकलं.

तासाभरानं, ढगांनी दुपारीच अंधारून आलं असताना, वरच्या रस्त्यावरचा किराणा दुकानदार भिजत ठाण्यात आला. हा आमचा जुना खबऱ्या. बोलताना आधी मागे वळून बघायची त्याला सवय.

‘साब, नीचे की बस्ती में कोई घुस्यो है। बत्ती तो सगली बंद है, पण एक मकान की माडी पे उजालो दिखी रियो है।’

रिकाम्या घरांत चोर शिरतात, हे पुराच्या वेळी ठरलेलं. पण माझ्याकडे होमगार्डची एकच नाव होती आणि ती पलीकडच्या पाड्यावरून बायकापोरं आणत होती. चोरासाठी ती अर्ध्यातून बोलवायची नव्हती. घरातलंच कोणी मागे राहिलं असेल तर मात्र क्षणभरही थांबून चालणार नव्हतं, कारण घर मातीच्या भिंतींचं होतं. अशी भिंत पाणी पिते आणि मग एकदम बसते. तेव्हा आधी आत कोण आहे ते कळायला हवं होतं.

दुकानदारानं सांगितलेलं घर एका मराठी कुटुंबाचं निघालं. मुलगा बँकेत, सून शाळेत शिकवणारी, वडील निवृत्त मास्तर. मुलगा आणि सून शाळेतल्या छावणीत होते. मी स्वतः गेलो. मी देवासचा, मराठी घरातला. म्हटलं, आपल्या भाषेत विचारलं तर लवकर उलगडेल.

‘वडील कुठे आहेत?’

‘बाबा तर परसोंच निघून गेले, साहेब. देवासला, ताईकडे,’ मुलगा म्हणाला.

‘फोन लावा.’

‘टावर बंद आहे ना. मी कधीचा ट्राय करतोय.’

उत्तर चटकन आलं, आणि इतकं चटकन आलेलं उत्तर मला आवडत नाही. सून नवऱ्याकडे बघत होती. मी म्हणालो, ‘तुमच्या माडीवर उजेड दिसतोय. चोर असणार.’

‘चोर नाही, साहेब! देवाजवळचा दिवा असेल तो. घट बसलेत ना आमच्याकडे. निघताना तेल भरून ठेवलं होतं.’

इथे तो चुकला. समोर दुसरा कोणी अधिकारी असता तर कदाचित निभावलं असतं. पण आमच्याकडेही घट बसतात. नवरात्राचा दिवा लावून निघून जाता येत नाही. तेल घालावं लागतं, काजळी झाडावी लागते, म्हणून तर नऊ दिवस घर बंद ठेवत नाहीत. हे लोक निघाले आदल्या दिवशी सकाळी, आणि दिवा अजून लांबून दिसावा इतका तेवत होता.

मी मुलाला हवालदाराबरोबर बाहेर चहाला पाठवलं. नवरा-बायकोला एकत्र विचारू नये, हा ठाण्यातला पहिला धडा. मग सुनेसमोर बसलो आणि एवढंच विचारलं, ‘ताई, तेल कोण घालतंय?’

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ‘मामंजी आहेत तिथे. मी नको म्हणत होती, साहेब. हे बोलले, पोलिसांना सांगितलं तर जूते घालून देवघरात घुसतील, घट अर्ध्यातच उठतील. बोलले, माडीपर्यंत पाणी कधी आलं नाही.’

मी वायरलेसवर नाव मागवली. पाड्यावरची माणसं काठाला उतरवून ती आली तेव्हा चार वाजून गेले असतील. मी, हवालदार आणि नाव चालवणारा जवान, असे तिघे निघालो. वाटेत मी सगळी जुळवाजुळव करून ठेवली. म्हातारा हट्टी असणार, अंगावर येणार, कदाचित उचलून आणावा लागणार. घरात सुतक आलं तर घटाची पूजा दुसऱ्याच्या हातून होतेच की, हे त्याला कसं पटवायचं, त्याची वाक्यंसुद्धा ठरवली होती.

माडीच्या खिडकीतून आत गेलो, बूट काढून. मास्तर भिंतीला टेकून बसले होते. जिन्याच्या वरच्या पायऱ्यांना पाणी लागलं होतं. मी माझं भाषण सुरू केलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं.

‘झालं बोलून?’ ते म्हणाले. ‘चला. चपला खाली वाहून गेल्यात. अनवाणी चालेल ना?’

मी विचारलं, ‘तुम्ही यायला तयार आहात?’

‘मी नाही कधी म्हणालो? मला कोणी विचारलंच कुठे? मुलगा म्हणाला, घटापाशी कोणीतरी थांबायला हवं. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.’

त्यांनी दिव्यात तेल घातलं, नमस्कार केला आणि माझा हात धरून नावेत उतरले. हात बर्फासारखा गार होता.

शाळेत पोचल्यावर मुलगा धावत आला. पहिला प्रश्न, ‘बाबा, दिवा?’ खरं सांगतो, त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. मास्तर म्हणाले, ‘भरून आलोय,’ आणि सुनेकडे चहा मागितला. मुलगा वाईट नव्हता. त्या रात्री तो वडिलांचे पाय चोळत बसला होता. सकाळी त्या घराची मागची भिंत माडीसकट बसलेली दिसली. त्यानं ती वरच्या रस्त्यावरून पाहिली आणि तसाच शाळेत वडिलांकडे परत गेला.

गुन्हा कोणावर नोंदवणार? पण पुढच्या प्रत्येक पुरात मी माझ्या शिपायांना विचारायची पद्धत बदलायला लावली. ‘घरात कोणी राहिलंय का?’ असं विचारलं की ‘नाही’ येतं. ‘राखणीला कोणाला ठेवलंय?’ असं विचारलं की माणसं आधी एकमेकांकडे बघतात, आणि मग खरं बोलतात. त्या एका प्रश्नानं पुढे कितीतरी म्हातारी माणसं नावेत बसली. त्यांतल्या फार थोड्यांना जबरदस्ती करावी लागली. आपल्याकडे ‘घर सोडायला तयार नाही’ असा शेरा सहज मारतात. तो माणूस खरंच तयार नाही की त्याला कोणी विचारलेलं नाही, हे खिडकीतून आत गेल्याशिवाय कळत नाही.

आता मी देवासला मुलाकडे असतो. मागच्या पावसाळ्यात घरची सगळी मंडळी दोन दिवस सहलीला निघाली. सामान गाडीत चढलं आणि सून सहज म्हणाली, ‘घरी कोणीतरी थांबायला हवं.’

सगळे माझ्याकडे बघायला लागले.