उस्तादांचा एअर फ्रायर

हॉटेलात सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. घरी कोणी काहीच म्हणायचं नाही, कारण घरी ते असायचेच कुठे? उभी हयात भट्टीसमोर गेली. एका हातात लोखंडी कढई, दुसऱ्या हातात पळी, आणि फ्राइड राइस असा उडवायचा की दाण्याला दाणा चिकटता कामा नये. मग खांद्याने दगा दिला. डॉक्टरांनी कढई बंद केली, मालकांनी गोड बोलून निरोप दिला आणि उस्ताद घरी येऊन बसले. घरी बसलेला स्वयंपाकी म्हणजे बायकोच्या डोक्याला ताप. तेल तापलंच नव्हतं, कांदा जाड चिरलास, हे दिवसभर सुरू.

मुलीने यावर उपाय म्हणून एअर फ्रायर आणून ओट्यावर ठेवला.

"बाबा, यात काही उचलायचं नाही, उडवायचं नाही. आत ठेवा आणि बटण दाबा."

उस्तादांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्याला ज्वाळा नाही ते यंत्र भात परतणार? तरी एका रविवारी त्यांनी ते पुढ्यात ओढलं. यातही जमलं नाही, तर आपण आता स्वयंपाकी उरलो नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. बायकोला टेबलापाशी बसवलं आणि बजावलं, "आज तू कशाला हात लावायचा नाहीस."

तयारी बघत राहावी अशी होती. आदल्या दिवशीचा गार भात बोटांनी मोकळा केला. चिकनचे बारीक तुकडे सोया सॉस आणि मिरपूड लावून आधी भाजून घेतले. मग भात, चिकन, गाजर, कांद्याची पात, थोडं तेल, सगळं पसरट भांड्यात घालून यंत्राच्या टोपलीत ठेवलं. बटण दाबलं, आतला पंखा घुमू लागला.

इथवर ठीक होतं. पण आतलं काही दिसेना आणि पंख्याच्या आवाजात भाताची चरचर ऐकू येईना. हात शिवशिवायला लागले. त्यांनी टोपली ओढली, ढवळलं, आत ढकलली आणि लगेच पुन्हा ओढली. भट्टीवर भात क्षणभर स्वस्थ ठेवला तर करपतो, हे हाडीमाशी खिळलेलं. इथे मात्र टोपली बाहेर आली की पंखा थांबायचा आणि सगळी धग ओट्यावर निघून जायची.

"अहो, जरा राहू द्या ना त्याला," बायको म्हणाली.

"परतायला नको?"

"मी काय सांगणार? उस्ताद तुम्ही."

शेवटी अंडं घालून भात बाहेर काढला, तो मऊ, दमट, गोळा झालेला. हॉटेलात असा भात कोणी पुढे आणला असता, तर उस्तादांनी त्याला कढईसकट हाकललं असतं. पडल्या चेहऱ्याने त्यांनी प्लेट बायकोपुढे ठेवली.

तिने घास घेतला आणि ती खुलली. "अगदी तसाच झालाय हो. तुम्ही रात्री डब्यातून आणायचात ना, तीच चव."

ती थट्टा करत नव्हती. तो डबा गिऱ्हाइकांचं सगळं आटोपल्यावर भरला जायचा आणि घरी पोचेपर्यंत आतल्या आत घामेजून गार व्हायचा. गर्दीत कशाला, म्हणून ती हॉटेलात कधी आली नाही, आणि यांनीही कधी बोलावलं नाही. उस्तादांना फार वाईट वाटलं. स्वतःचा खांदा, स्वतःची उस्तादी, सगळं ते विसरले.

"थांब. पुढचा घास घेऊ नकोस."

त्यांनी प्लेट काढून घेतली, भात भांड्यात पातळ पसरला, टोपली आत लावली आणि ओट्याकडे पाठ करून खुर्चीत बसले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. उठावंसं सारखं वाटत होतं, पण यंत्राची घंटी वाजेपर्यंत ते हलले नाहीत.

या वेळी भात सुटा निघाला, जागोजागी कुरकुरीत. बायकोने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि चमचा खाली ठेवला.

"हा असा लागतो होय?" ती म्हणाली. "मग इतकी वर्षं मी काय खात होते?"

उस्तादांनी उरलेला सगळा भात तिच्याच प्लेटमध्ये वाढला.