पश्चिमेच्या भिंतीतली फट

जूनचा पहिला रविवार, प्रश्न अठ्ठेचाळीस हजारांचा, आणि आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतल्या आठही घरांची माणसं माझ्याकडे हजर, कारण खजिनदार मी. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू सर्वांत शेवटी आल्या. बसण्याआधी त्यांनी, मुलाचा ताप पाहावा तसा, माझ्या भिंतीला उलटा हात लावला. "कोरडी आहे हो तुमची." ही त्यांची सवयच. हळदीकुंकवाला गेल्या तरी आधी हात भिंतीला, मग वाणाला.

त्याला कारण नाना, त्यांचे यजमान. अर्धांगवायूनंतर ते पश्चिमेच्या भिंतीलगतच्या पलंगावर पडून असत. छाती नाजूक, जिना उतरणं अशक्य. शेजारच्या पार्किंगमधल्या आगीच्या झळा त्या भिंतीपर्यंत आल्या, तेव्हा बाहेरून न जळणारी पॅनेल लावायचा आग्रह काकूंनीच धरला. ती बसली. पॅनेल आणि भिंत यांत बोटभर फट ठेवली होती, आत शिरलेलं पाणी निथळावं, भिंत वाळावी म्हणून. पण आग लागलीच तर तीच फट धुराड्यासारखी ज्वाळा वर ओढणार. उपाय होता: दर मजल्याला फटीत एक पट्टी. एरवी ती वारा जाऊ देते, तापली की फुगून वाट बंद करते. तिचेच अठ्ठेचाळीस हजार.

"पुढच्या वर्षी बघू," सेक्रेटरी म्हणाले. "एका फटीची एवढी काळजी, काकू?"

"तुम्हाला धावत उतरता येतं, म्हणून ती एक फट."

बाजूने दोनच हात वर झाले, त्यांचा आणि माझा.

काकूंनी गवंडी बोलावून आपल्या मजल्यापाशी फट सिमेंटने बुजवून घेतली. "आता झोप लागेल." पावसाळा भरात आला आणि त्यांचा उलटा हात भिंतीवरून ओला होऊन निघू लागला. नानांचा खोकला जिन्यात ऐकू येई. एका सकाळी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"उघडी ठेवली तर आग, बुजवली तर ओल. माझ्या माणसाला कशाच्या तोंडी द्यायचं, हे मीच ठरवायचं का?"

मी पुन्हा सभा बोलावली. काकू एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बघू म्हणालात. नानांना पुढचं वर्ष आहे का, ते विचारलंत?" या वेळी हात भराभर वर झाले. ठराव मंजूर झाला, दुसऱ्याच दिवशी सिमेंट फोडलं.

पट्टी यायच्या आधीच नाना गेले. ओलीमुळे की कसं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि काकूंनी विचारलं नाही.

काकू विश्रांतवाडीला बहिणीकडे राहायला निघाल्या, त्या दिवशी मला घरी बोलावून माझ्या हातात पट्टीच्या वाट्याचा चेक ठेवला.

"काकू, आता तुम्ही कशाला?"

"भाडेकरू येईल ना. त्याला जिना उतरता येतो का, हे विचारून आग लागणार आहे का?"

मग पलंग काढलेल्या जागी त्यांनी भिंतीला उलटा हात लावला. "वाळतेय," म्हणाल्या.

दर मध्यंतरी वाढला होता. कंत्राटदाराला बावन्न हजार दिले. त्यातले साडेसहा हजार काकूंचे, सर्वांत आधी आलेले.