अधिकृत निरीक्षक आणि काकूंचा गोळा

नाव: विब्रेन टेर्पस्ट्रा. वय: पेन्शनीला पात्र. हुद्दा: अधिकृत निरीक्षक (चंद्रग्रहणे), होल्सवेर्ड ग्राम खगोल मंडळ. नेमणूक: तहहयात, दुसऱ्या कुणाचा अर्ज न आल्यामुळे. कार्यक्षेत्र: गावाच्या उत्तरेचा समुद्रबांध, वरील मेंढरांसह. साधनसामग्री: डोळे दोन, काचेचा गोळा एक. वैवाहिक स्थिती: विवाहित, पत्नी ग्रहणकाळी झोपलेली असते.

शेवटचं कलम जानेवारीतल्या खग्रास ग्रहणाच्या रात्री बाद झालं. जेवण आटोपल्यावर फ्राउक्ये झोपायला जाण्याऐवजी लोकरीचे जाड मोजे चढवत बसली. विब्रेननं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. ओट्यावर वाटाण्याच्या सूपचा थर्मास नेहमीसारखा तयार होता. त्याच्या शेजारी आज दुसरा थर्मास होता. तोही त्यानं पाहिला नाही.

मग त्यानं हातातली लाल बॅटरी खिडकीकडे वळवली. ग्रहणाच्या संध्याकाळी निरीक्षकाच्या डोळ्यांना पांढरा उजेड लागता कामा नये, हा मंडळाचा नियम त्यानंच केलेला; त्यामुळे अशा दिवशी फ्राउक्ये भांडी चाचपडत घासते. खिडकीत एरवी टांगलेला असतो तो चंदेरी गोळा जागेवर नव्हता.

असे गोळे आमच्याकडे जुन्या घरांतून असतात. चेटकीण खिडकीशी आली की गोळ्यात स्वतःचंच तोंड बघून पळ काढते, असं म्हणतात. फ्राउक्येच्या माहेरी किंवा सासरी चेटकीण आल्याचं ऐकिवात नाही, म्हणजे गोळा काम करतो. विब्रेननं त्याला दुसरं काम लावलं होतं. ग्रहण पुरतं लागलं की त्या फुगीर काचेत चंद्रही ठिपका होतो आणि ताराही, मग दोघांत उजळ कोण ते ठरवता येतं. विब्रेन जे ठरवी ते मंडळाचं मत होई, आणि अध्यक्ष सित्स्केबाई ते मोठ्या संस्थेकडे पाठवत. विब्रेनच्या आयुष्यात त्याचं मत कुठंही पाठवलं जावं असा हा एकच मामला होता.

"गोळा कुठंय?"

"गोसेला दिला," फ्राउक्ये म्हणाली.

गोसे बोक्मा हा शहरात दातांची डॉक्टरकी करून निवृत्तीनंतर गावात राहायला आलेला माणूस. त्याची दुर्बीण बटण दाबलं की तारा आपणहून शोधते आणि पडद्यावर दाखवते. पूर्वी बांधावर जी रांग विब्रेनच्या मागं लागे ती आता पडद्यापुढं खुर्च्या टाकून बसते. माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही. हेच विब्रेनला जास्त झोंबे.

गोसे रविवारी कॉफीला आला होता, विब्रेन मंडळाच्या शेडचं छप्पर बघायला गेला होता तेव्हा. गोळ्याची युक्ती त्यालाही करून बघायची होती.

"बिस्किटं किती दिलीस?"

"दोन."

आमच्या भागात कॉफीबरोबर एक बिस्कीट देतात आणि डबा बंद करतात. डबा दुसऱ्यांदा उघडला तर ती गावात बातमी होते. विब्रेन लग्नाआधी तिच्या घरी जायचा तेव्हासुद्धा त्याला एकच मिळायचं.

"माझ्या काकूंचा गोळा आहे ना माळ्यावर," ती म्हणाली. "तो ने."

लाल बॅटरीच्या उजेडात त्यानं तो खोक्यातून काढला, बाहीनं पुसला, दव बसू नये म्हणून घोंगडीत गुंडाळला आणि तिच्यासाठी न थांबता निघाला.

बांधावर डझनभर माणसं होती. दूरच्या पवनचक्क्यांची पाती हलत नव्हती. गोसेनं हाक मारली, "विब्रेन, ये की, पडद्यावर मस्त दिसतंय." विब्रेन म्हणाला की त्याला इथून चंद्र दिसतो, डॉक्टरांनी काळजी करू नये. मग त्यानं आपलं स्टूल पडद्याकडे पाठ करून मांडलं आणि पुढचा सगळा वेळ मागं काय चाललंय ते ऐकत बसला. छाया चंद्रावर चढत होती. फ्राउक्ये आली, ती गोसेच्या बाजूला थांबली. गोसे काहीतरी बोलला, ती हसली. पुन्हा बोलला, पुन्हा हसली. ग्रहणात हसण्यासारखं काय असतं हे इतक्या वर्षांत विब्रेनच्या लक्षात आलं नव्हतं.

खग्रास लागलं. चंद्र जळक्या भाकरीच्या रंगाचा झाला. विब्रेननं घोंगडी सोडली, गोळा धरला, चंद्राचा ठिपका पाहिला, व्याध ताऱ्याचा पाहिला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "उजळ ग्रहण. चंद्र व्याधाच्या तोडीचा."

मागून गोसे जरा चाचरत म्हणाला, "मला तर व्याधाच्या बराच खाली वाटतोय. माझंच चुकत असेल."

"दातातली कीड बघायची सवय, डॉक्टर. सगळं काळंच दिसणार."

लोक हसले. फ्राउक्ये हसली नाही. सित्स्केबाई म्हणाल्या की मंडळाचं मत एकच जायला हवं, तेव्हा दोघांनी चंद्र सुटायच्या आत काय ते ठरवावं. विब्रेन म्हणाला, ठरवायचं काय त्यात, अधिकृत निरीक्षक कोण आहे?

तेवढ्यात फ्राउक्ये सूप घेऊन त्याच्याजवळ आली. दुसरा थर्मास तिच्या काखेत होता.

"तो त्याचा?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं.

"माझा. चहा आहे. मला थंडी वाजते."

"इतकी वर्षं कधी आली नाहीस."

"इतकी वर्षं कुणी विचारलं नाही. गोसेनं विचारलं, येतेस का म्हणून."

विब्रेननं सूपच्या थर्मासचं झाकण फिरवलं. त्यानं सूप प्यायलं. ती त्याच्या मांडीवरच्या गोळ्याकडे बघत राहिली आणि मग, कपाटातल्या एखाद्या भांड्याविषयी बोलावं तशी बोलली.

"काकूंचा गोळा लाल आहे, विब्रेन."

लाल बॅटरीत लाल आणि चंदेरी काच सारखीच दिसते. लाल काचेत तांबडा चंद्र जसाच्या तसा उमटतो आणि निळसर व्याध निम्मा मरतो. हे गावात सगळ्यांत आधी कुणाला कळायला हवं होतं, तर त्यालाच. बांधावर पांढरा उजेड वर्ज्य असल्यानं दुसऱ्या कुणाला काही कळण्याची शक्यता नव्हती. कळलं होतं ते एकट्या फ्राउक्येला, आणि तिनं तर थर्माससुद्धा आवाज न करता बंद केला.

त्यानं मागं वळून पाहिलं. गोसे तिच्या चंदेरी गोळ्यात डोकं खुपसून अजून आपली चूक शोधत होता.

विब्रेननं गोळा घोंगडीत गुंडाळला. "सित्स्केबाई," तो म्हणाला, "डॉक्टरांचं पाठवा." मग स्टुलावर जरा सरकून त्यानं अर्धी जागा केली. "बसतेस का?" त्यानं विचारलं. फ्राउक्ये बसली.

मंडळाच्या इतिवृत्तात नोंद आहे ती अशी: वाऱ्यामुळे डोळ्यांस पाणी आल्याने अधिकृत निरीक्षकांनी आपले निरीक्षण स्वेच्छेने मागे घेतले, सबब श्री. बोक्मा यांचे निरीक्षण ग्राह्य धरण्यात आले.

त्या रात्री वारा नव्हता.