बांधावरचा रस्ता

दादूस चालताना टाच आपटायचा. दोन पावलं टाकायची, उजवी टाच बांधावर हाणायची, क्षणभर थांबायचं, की पुन्हा दोन पावलं. पाहणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्याचा पाय दुखतोय. मी नवा असताना विचारलंही होतं. तो म्हणाला, "बांध पोकल झाला का टाचंला कलतं, मास्तर. डोले फसवतान."

अलिबाग आणि पेण यांच्यामधल्या खारेपाटात मी शाळामास्तर म्हणून गेलो, तेव्हा स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. तिथली भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. खाडी आणि भात यांच्यात काय तो एक मातीचा बांध. खेकडे त्याला बिळं पाडतात, बिळातून उधाणाचं पाणी शिरतं, आणि एकदा खारं पाणी शेतात आलं की दोन-तीन पावसाळे तिथे दाणा पिकत नाही. म्हणून दर पुनव-अमावास्येच्या आधी पाड्यातल्या प्रत्येक घरातून एक माणूस पाटी-फावडं घेऊन बांधावर जायचा आणि बिळं चिखलानं बुजवायचा. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कोणाची छाती नव्हती.

या साऱ्यांचा म्होरक्या दादूस. त्याला कोणी नेमलं नव्हतं. एखाद्या घरचा माणूस आला नाही तर हा त्याच्या ओटीवर जाऊन बसे आणि "पानी आन गो वयनी, आज मी हितंच हाय" म्हणे. बाई बिचारी घाबरून नवऱ्याला उठवून पाठवी. मामलेदार असो की मारुती, दादूस सगळ्यांना "तू"च म्हणायचा, आणि त्याचा राग कोणाला येत नसे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना अधिकार लागत नाही.

शाळा होती पाड्याच्या पल्याड, उंचवट्यावर. पावसाळ्यात मुलं मांडीभर चिखलातून यायची. मुली तर चार महिने येतच नसत. दादूसची नात हुशार, पण आषाढात घरी बसली की पाढे विसरायची. मी अर्जांवर अर्ज केले आणि शेवटी शाळेला रस्ता मंजूर झाला. आखणी जवळच्या वाटेनं होती, म्हणजे पाड्यातून थेट आणि पुढे बांधावरून.

मारुतीच्या देवळात पाड्याची बैठक बसली. खळ्यातून लॉऱ्या जाणार, मग भात झोडायचं कुठे? अंगणात पोरं खेळतात, ती चाकाखाली आली तर? बायका दाराआडून बोलत होत्या. दादूस सगळ्यात शेवटी उठला. "पोरांना साला पायजे. रस्ताव पायजे. पन बांधावरशी नको. डोंगराचे पायथ्यानं न्या, मैलभर लांब परंल, परूं दे. बांधावर मुरूम टाकलाव तं खालचं बील कोनाला दिसंल?"

मला त्याचा राग आला, खोटं कशाला बोलू? मैलभर लांब म्हणजे आणखी दोन वर्षं फायली फिरणार. मला माझी शाळा दिसत होती. शिकलेल्या माणसाची घाई फार वाईट असते.

ओव्हरसियर पाहणीला आला तेव्हा दादूसनं त्याला बांधावर नेऊन तेच सांगितलं, आपल्या बोलीत, भराभरा. साहेब देशावरचा. त्याला अर्धंही कळलं नाही. आम्ही थोडं पुढे गेलो. दादूस एका बिळापाशी वाकून मागे राहिला होता. साहेबानं मला विचारलं, "काय म्हणतोय हा?"

"काही नाही," मी म्हणालो. "म्हातारा आहे, नव्याला भितो."

रस्ता झाला. मुरूम पडला, वर रूळ फिरला. त्या पावसाळ्यात मुली कोरड्या पायांनी शाळेत आल्या आणि मी हरखून गेलो. दादूसच्या नातीनं आषाढात एकही दिवस चुकवला नाही. तो मात्र मुरमावर टाच आपटून पाही आणि मान हलवी. खालचं काहीच कळेना.

मग जे झालं ते त्या पाड्यातच व्हावं. पुनवेच्या आधी हाक गेली तेव्हा निम्मी माणसं आलीच नाहीत. रस्ता सरकारचा, म्हणजे बांधही सरकारचा, असं ते अगदी भाबडेपणानं धरून चालले होते. सरकारच्या मालाला हात कोण लावील? उद्या पोलीस विचारायला आले तर? पुढच्या अमावास्येला चौघे आले. वर्षभरानं पाटी घेऊन एकटा दादूस. तो अजूनही लोकांच्या ओट्यांवर जाऊन बसायचा. लोक त्याला चहा द्यायचे आणि घरातच राहायचे.

दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणातल्या अमावास्येला भर दुपारी उधाण आलं. वर्गात मला दादूसची हाक ऐकू आली. मी वरच्या वर्गातली मुलं घेऊन धावलो. रस्ता मधेच बसला होता आणि त्याच्या खालून पाणी उसळत होतं. दादूस छातीभर पाण्यात उभा राहून पेंढ्याचे भारे दाबत होता. पाड्यातले लोक आले, पण कोणी पाट्या आणल्या नव्हत्या. सरपंचानं तालुक्याला माणूस धाडला होता. तो पोहोचायच्या आत बांध फुटून वीस हात खांड पडली आणि पोटरीला आलेलं भात डोळ्यांदेखत खाऱ्या पाण्याखाली गेलं. बायका रडत होत्या. दादूसला आम्ही ओढून वर काढलं. त्याच्या हातांची सालं निघाली होती.

सरकारनं पुढे नवा रस्ता केला, तो डोंगराच्या पायथ्यानं. खांड मात्र तीन वर्षं तशीच होती, आणि तोवर पाड्यातली निम्मी घरं पोटासाठी बाहेर पडली होती.

दादूसचं घर खांड पडली त्याच वर्षी, दिवाळीनंतर निघालं. मुलाला मुंबईच्या गोदीत हमाली मिळाली होती. दादूस नातीला घेऊन तिचा दाखला न्यायला आला. पोरगी पाचवीत होती, वर्गात पहिली. मुंबईत ती शाळेत जाणार का, हे मी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. दाखल्यावर सही केली. शेवटी म्हणालो, "दादूस, त्या दिवशी साहेबाला मी तुमचं म्हणणं नीट सांगितलं नाही."

"ठावं हाय मना," तो म्हणाला. "तुजे मागंच व्हतो. आयकला मी."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

त्यानं दाखल्याची घडी करून नातीच्या हातात दिली.

"पोरीचा मास्तर तू. तिचे गुरूला परक्या मान्साम्होरं खोटा कसा पाडू?"

मग त्यानं नातीला माझ्या पाया पडायला सांगितलं. ती वाकली. मला पाय मागे घ्यायचे होते, पण तिनं आधीच डोकं टेकवलं होतं.